रुख्माबाईची पाठ

चाळीस वर्षांत गणपतरावांनी रुख्माबाईचे केस पाहिले नव्हते. भासरे होते ना ते, नवऱ्याचे चुलत का होईना, पण थोरले भाऊ. त्यांच्या चपलेचा आवाज दाराशी आला की रुख्माबाईचा पदर कपाळापर्यंत यायचा. हात पिठात असले तर कोपरानं ओढून घ्यायची, पण घ्यायची. तिचे केस काळ्याचे पांढरे झाले हे सगळ्या तांडापेठेला ठाऊक, एक गणपतराव सोडून. आणि आता हेच भासरे येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता सीताबर्डीच्या एका हॉलात पहिल्या रांगेत बसून तिची उघडी पाठ पाहणार होते. पाठही पाठीएवढी नाही, भिंतीएवढी.

वरून मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना शेजारच्या गच्चीवरच्या पापडाला गेलेली चीरसुद्धा दिसत होती.

ही पाठ पडद्यावर कशी गेली ते सांगायचं तर आधी रुख्माबाई सांगावी लागेल.

ती मूळची उमरेडची. बाप विणकर, भाऊ विणकर, नवरा केला तोही नागपूरच्या तांडापेठेतला विणकर, बाबनराव. बायकांनी सुताच्या कांड्या भराव्या आणि पुरुषांनी मागावर बसावं, अशी तेव्हाची रीत. पण या घरात रीत आधीच मोडलेली होती. बाबनरावांचे वडील लवकर गेले, म्हणून त्यांची माय स्वतः मागावर बसली आणि दोन पोरं तिनं आडव्या सुताचा धोटा फेकून वाढवली. सून आली तशी तिनं सुनेलाही मागाच्या खड्ड्यात उतरवलं. करवतकाठी लुगड्याचं काम तीन धोट्यांचं, एकट्या माणसाच्यानं होत नाही. मग काय, इकडून बाबनराव, तिकडून रुख्माबाई. लग्नानंतर वर्षभर नवराबायको एकमेकांशी बोलले कमी आणि धोटे जास्त फेकले.

एकोणिसाव्या वर्षी, सासू गेल्यावर, तिची पाठ भाजली. मागावरच्या उभ्या सुताला, तान्याला, लावायची पिठाची खळ चुलीवर रटरटत होती. बाबनराव दोन फडक्यांनी खळीचा गंज, ते मोठं पातेलं, उतरवत होते आणि रुख्माबाई तिकडे पाठ करून सूत निवडत बसली होती. एका हातातलं फडकं सटकलं. अर्धा गंज तिच्या डाव्या खांद्यावरून खाली गेला. बाबनरावांनी तिला सायकलच्या दांड्यावर बसवून मेयो दवाखान्यात नेलं आणि तीन महिने स्वतः स्वयंपाक केला, जो कोणाला खाववत नव्हता. जखम भरली. खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत एक डाग राहिला, भोपळ्याच्या पानासारखा, कडेनं दातेरी. तेव्हापासून बाबनरावांनी चुलीवरचं भांडं उतरवलेलं कोणी पाहिलं नाही. चहासुद्धा दुसऱ्यानं उतरवायचा.

पुढं लुगडी नेसणाऱ्या बाया संपल्या. बाबनराव लकडगंजच्या एका लाकडाच्या डेपोत चौकीदार झाले. पोरगा भूपेश बर्डीवर मोबाइलच्या दुकानात लागला. रुख्माबाई शेवटची काही वर्षं एकटीच साधं कापड विणत राहिली, मग तेही थांबलं आणि ती बायकांच्या साड्यांना फॉल-पिको करू लागली. माग मात्र मोडला नाही. मागच्या खोलीत तसाच होता, त्याच्यावर सून दामिनी वाळलेले कपडे टाकायची.

दोन वर्षांपूर्वी पुण्याची मुग्धा नावाची पोरगी हा माग शोधत आली. पोरगी म्हणजे चाळिशीची, पण केस बारीक कापलेले आणि पायात पोरांसारखे बूट, म्हणून पोरगी. तिला एका विणकर बाईवर पिच्चर करायचा होता. हिरोईनला विणकाम शिकवायला बाई पाहिजे होती.

हिरोईन वीस दिवस शिकली. स्वभावानं चांगली, ताटातलं उष्टं न टाकणारी. पण धोटा तिच्या हातात राहीना. इकडून फेकला की तान्याबाहेर पडून भिंतीवर आपटायचा. बाबनराव दारातून पाहायचे आणि म्हणायचे, "ही लुगडं नाही विनत, कबुतरं उडवते." शेवटी मुग्धानं ठरवलं की चेहरा हिरोईनचा आणि हात रुख्माबाईचे. हे सगळ्या घराला माहीत होतं. भूपेशनं तर दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकालाही सांगितलं होतं, "माह्या मायचे हात पिच्चरमधी हायेत."

हातापर्यंत ठीक होतं.

मे महिन्यातली ती दुपार. बाबनराव डेपोवर, भूपेश दुकानात, दामिनी माहेरी. खोलीत मुग्धा, कॅमेरा चालवणारी एक बाई आणि एक दिवेवाली. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. रुख्माबाई घामानं चिंब. बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं, "माही सासू अशा गरमीत चोळी घालतच नोती वं. समोरून पदर घ्याची आन् पाठ मोकळी ठेवून बसाची."

मुग्धानं कॅमेरावालीकडं पाहिलं. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही बसाल तसं? फक्त मागून. चेहरा दिसणार नाही."

"माह्या म्हातारीच्या पाठीत काय पाहाचं हाय? भाजलेली हाय ते."

"कशानं भाजलं?"

रुख्माबाईनं खळीचं सांगितलं. यांच्या हातून गंज सटकला, असंच सांगितलं, जास्त नाही, कमी नाही.

आणि मग ती बसली. काहून बसली, हे तिला पुढं स्वतःलाही सांगता आलं नाही. गरमी होती. दार लावलेलं होतं, सगळ्या बायकाच होत्या. किती वर्षांनी माग चालू झाला होता आणि हात मजेत आला होता. पाठीवर वारं लागलं ते बरं वाटलं. अर्धा तास ती विणत होती आणि कॅमेरा मागं आहे हे अर्ध्या वेळी विसरली होती. संध्याकाळी चोळी घालून तिनं भाकरी टाकल्या. बाबनराव आले, जेवले, झोपले. तिनं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सांगण्यासारखं काही उरलंच नाही, असं तिनं धरलं.

पिच्चर तयार झाला, "तेराव्याच्या आत" नावाचा, आणि आधी परदेशात गेला. तिकडं बक्षीस मिळालं. एका पेपरानं लिहिलं की असा धाडसी चित्रपट मराठीत झाला नाही. दुसऱ्यानं लिहिलं की बक्षिसासाठी आपल्या आयाबायांना नागडं करायची ही नवी तऱ्हा आहे. कुठल्याशा शहरात लोक पाट्या घेऊन उभे राहिले. तांडापेठेत कोणीच पिच्चर पाहिला नव्हता, पण माहिती सगळ्यांना होती. शेजारच्या सिंधूताई फॉल लावायला साडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "म्हने ते बाई दोन घंटे लुगडं विनते आन् घालत काहीच नाही. मंग विनते कायले वं?"

रुख्माबाई हसली. सुई बोटात गेली.

त्याच आठवड्यात मुग्धाचा फोन आला. नागपुरात एका सिनेमा क्लबनं खेळ ठेवला होता, घरच्या सगळ्यांना बोलावणं होतं. रुख्माबाई फोन घेऊन मागच्या खोलीत गेली.

"बाई, ते त्या दिवशीचं... ते काढून टाकलं ना?"

"काढून? मावशी, सगळ्या पिच्चरचा जीव आहे त्यात. सव्वातीन मिनिटं. जगभर लोक त्याच्याबद्दलच बोलतात."

"डाग दिसते?"

"स्पष्ट."

रुख्माबाईनं फोन ठेवला आणि मागावरचे कपडे उगाच काढून उगाच परत टाकले. तो डाग घरात तिघांना ठाऊक होता. एक बाबनराव. दुसऱ्या, गणपतरावांच्या बायको, त्यांनीच तेव्हा औषध लावलं होतं, त्या आता नव्हत्या. आणि बायकोच्या तोंडून ऐकलेले गणपतराव. म्हातारे समाजाचे पंच होते. आजही लग्न जुळवायचं, मोडायचं, कोणी कोणाच्या पंगतीत बसायचं, सगळ्याला त्यांचा शब्द लागे. ते भर हॉलात उठून "हे तर आपल्या बाबनची" म्हणाले, की संपलं. बाबनरावांना डेपोपासून समाजाच्या मंडपापर्यंत कुठं मान वर करता आली नसती. आणि तिला तर घरातच.

बाबनरावांना याची गंधवार्ता नव्हती. ते उत्साहात होते. गणपतरावांना आमंत्रण त्यांनीच दिलं, घरी जाऊन.

"येतो ना," गणपतराव म्हणाले, "आपल्या मागाची काय शोभा केली त्याइनं, पाहाले तर पाह्यजे."

रविवारी सगळे मेट्रोनं निघाले. भूपेशनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. दामिनीनं सासूला स्वतःची जांभळी साडी नेसवली होती. रुख्माबाईनं पदर डोक्यावरून असा घेतला की दामिनी म्हणाली, "आई, लग्न नाही हाय वं, पिच्चर हाय." गणपतराव दारापाशी काठी टेकून उभे राहिले, बसायला जागा दिली तरी बसले नाहीत. मेट्रोत म्हाताऱ्याला पोरींनी जागा द्यावी, हे त्यांना पटत नव्हतं. रुख्माबाईनं सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. उपास आहे म्हणाली. कसला, हे कोणी विचारलं नाही.

हॉल लहान होता, पण भरलेला. अर्धे कॉलेजचे, खांद्याला झोळ्या. गणपतरावांना मानानं पहिल्या रांगेत बसवलं. त्यांच्या बरोबर मागं बाबनराव, त्यांच्या बाजूला रुख्माबाई. दिवे गेले तेव्हा तिला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. अंधारात निदान तिचं तोंड कोणाला दिसणार नव्हतं.

पिच्चरमध्ये पहिली वीस मिनिटं कोणी बोललंच नाही. विहीर दिसली, खूप वेळ. बकरी दिसली, त्याहून जास्त वेळ.

"आवाज बंद हाय का गा?" बाबनराव भूपेशच्या कानात म्हणाले.

"आर्ट पिच्चर हाय बाबा. असाच राह्यते."

"बकरीचं काय काम हाय पन?"

"चूप बसा ना."

मग माग दिसला. आणि मागावर हात. रुख्माबाईनं आपले हात ओळखले. वाकडी करंगळी, अंगठ्याचं जाड कातडं. तुटलेलं सूत बोटांनी उचललं, वळलं, सांधलं आणि धोटा सरकन गेला. असे हात तिनं कधी पाहिलेच नव्हते. रोजच्या कामात कोण पाहतं आपले हात. एवढे मोठे आणि एवढे शहाणे. बाजूला बाबनराव ताठ बसले होते. त्यांच्याही ध्यानात आलं होतं.

पुढं गोष्ट सुरू झाली. विणकर बाई आणि तिचा दारुडा नवरा. तो घरी आला, भांडला, चुलीवर खळ उकळत होती. त्यानं गंज उचलला आणि बायकोच्या पाठीवर फेकला.

हॉलात दोघीतिघी पोरी "आई गं" म्हणाल्या. रुख्माबाईच्या तोंडचं पाणी पळालं, ते वेगळ्याच कारणानं. ही गोष्ट तिनं अशी सांगितली नव्हती. कुठं हातातून सटकलेलं फडकं आणि कुठं हा राक्षस. तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून नवऱ्याकडं पाहिलं. बाबनराव पडद्याकडं पाहत होते, दोन्ही हात मांड्यांवर, बोटं आत वळलेली.

पण लगेच दुसरी गोष्ट तिच्या डोक्यात उजाडली. पुढच्या दृश्यात हिरोईन पाठीला औषध लावून घेत होती आणि तिच्या पाठीवर डाग होता. भोपळ्याच्या पानासारखा, कडेनं दातेरी, रंगानं काढलेला. म्हणजे आता पुढं तिची पाठ आली, तरी लोक म्हणणार, ही हिरोईनचीच. डाग पिच्चरमध्येच तयार झाला होता, सगळ्यांसमोर. मुग्धानं लबाडी केली होती, पण त्या लबाडीनं रुख्माबाईला पांघरूण घातलं होतं. तिला राग आला आणि त्याच वेळी छातीवरचा एक दगड सरकला. दोन्ही एकदम.

पिच्चरमधला नवरा मेला. घरात सुतक. पाचव्या दिवशी बाईनं दार लावलं, चोळी काढली आणि मागावर बसली.

ती आली. पाठ.

रुख्माबाईनं पदर दातात धरला. पडद्यावर खांदे, मणके, घामाची एक ओळ हळूहळू खाली येणारी. धोटा गेला की उजव्या बाजूचं मांस हलायचं, मागाची फणी आपटली की डाग आक्रसायचा, परत पसरायचा. हॉलात कोणी खाकरत नव्हतं. तिला वाटलं, सव्वातीन मिनिटं म्हणजे अर्धं आयुष्य असतं. पुढच्या रांगेत गणपतरावांचं पांढरं डोकं हललं. काठी फरशीवर टेकली गेली.

"अबे," अंधारात त्यांचा आवाज आला, "सुतक हाय ना अजून?"

कोणीतरी शुक् केलं.

"पाचवाच दिवस हाय. माग काहून चालू केला हिनं?"

मागून पोरं हसली. भूपेशनं पुढं वाकून "मोठे बाबा, चूप" म्हटलं. गणपतराव चूप झाले, पण काठी दोनदा आपटली. आणि पाठ पडद्यावरून गेली. विहीर आली. रुख्माबाईला ती विहीर सख्ख्या बहिणीसारखी वाटली.

पिच्चर संपल्यावर चर्चा होती. मुग्धा खुर्चीवर बसली, कोणी पुस्तकी बोललं, कोणी हात वर केले. चष्मेवाली एक पोरगी म्हणाली की हे बाईच्या शरीराचं बंड आहे. एक टाय घातलेला माणूस उठून म्हणाला की मला घरच्यांसोबत पाहताना अवघड झालं आणि हे दाखवलं नसतं तरी चाललं असतं. दोघांचं थोडं जुंपलं. मग गणपतरावांनी काठी वर केली. माइक त्यांच्याकडं आला आणि रुख्माबाईनं पदर पुन्हा दातात घेतला.

"मी गणपतराव. बारा वर्षांचा असताना मागावर बसलो," ते म्हणाले. "बाई, तुमचा पिच्चर चांगला हाय. आपला माग एवढा मोठा मी कधी पाहला नाही. पन घरात मयत झाली की आमच्यात तेरा दिवस मागावर फडकं राह्यते. धोट्याले कोनी हात लावत नाही. आन् तुमी पाचव्याच दिवशी बसवली तिले."

"तेच दाखवायचं होतं काका," मुग्धा म्हणाली. "तिनं नियम मोडला."

"मोडा ना. मी कोन मना करनारा. पन मोडाचा तर नीट मोडा. काठ करवतीचा आन् धोटा एक? ते काम तीन धोट्यांचं हाय. एकटी बाई करवतकाठी कशी विनन? त्याच्यापेक्षा तिले नागडी दाखवनं सोपं हाय."

हॉल हसला. मुग्धाही हसली, पण तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं.

"आता तेच," गणपतराव म्हणाले. टायवाल्याकडं वळले. "हे साहेब म्हनते अवघड झालं. मले नाही झालं. आमची काकू, या बाबनची माय, उन्हाळ्यात तशीच बसत होती. आमी पोरं बाजूले गोट्या खेळत होतो. कोनाले काही वाटत नोतं. गरमी होत होती, बस."

रुख्माबाईनं दातातला पदर सोडला. तेवढ्यात म्हातारा पुढं म्हणाला,

"एक गोष्ट पाहली मी. हिरोईन पोरगी हाय, पन पाठ पोरीची नाही वाटत."

पदर परत दातात.

"उजवा खांदा खाली उतरलेला हाय. तीस वर्षं धोटा फेकल्याशिवाय असा उतरत नाही. वीस दिवसांत पोरीनं तेही शिकून घेतलं. शिकवनारीनं भल्लं शिकवलं." आणि मागं न पाहता, काठी जराशी मागच्या रांगेकडं करून म्हणाले, "आमच्या घरची सून हाय ते."

टाळ्या वाजल्या. दामिनीनं सासूचा हात दाबला. रुख्माबाईला रडू येईल असं वाटलं होतं, पण शिंक आली. म्हाताऱ्याला खरंच कळलं नव्हतं, की कळून त्यानं ते असं गुंडाळून ठेवलं, याचा विचार तिनं केला नाही. शब्द पडला होता. पंचाचा शब्द. आता तो कोणी उचलणार नव्हतं.

मुग्धा म्हणाली, "मावशी, तुम्ही बोला ना. कसा वाटला?"

माइक हातात आला. रुख्माबाई उठली, पदर पुढं ओढून भासऱ्यांकडं पाठ होईल अशी वळली.

"हात चांगले आले," ती म्हणाली. "बकरी जास्त हाय. विहीर ठीक हाय."

लोक हसले. ती थांबली. खाली बसली असती तर झालं असतं. पण बाजूला बाबनराव मांड्यांवरच्या हातांकडं पाहत बसले होते.

"पन ते खळीचं खोटं हाय, बाई," ती म्हणाली. "विनकर बायकोवर खळ फेकत नाही. पीठ भिजवा, सरपन लावा, अर्धी सकाळ जाते खळ शिजवाले. ते फेकली तर तान्याले काय लावन तो? माराचंच असन तर हात होते ना त्याले. दारुडा असला तरी विनकर हाय. खळ सांडते. हातातून सुटते. फेकत कोनी नाही. तेवढं बदलवता येत असन तर पाहा."

मुग्धाचा चेहरा लाल झाला. "मावशी, ते... मी ते गोष्टीसाठी बदललं."

"मालूम हाय," रुख्माबाई म्हणाली. "म्हनून सांगतलं."

आणि बसली. तिला एकदम हलकं वाटत होतं, ताप उतरून घाम यावा तसं.

बाहेर ऊन कडक होतं. गणपतरावांना भूपेशनं ऑटोत बसवून दिलं. जाताना ते बाबनरावांना म्हणाले, "पिच्चरवालीले सांग, पुढच्या टाइमाले मले विचार म्हना, सुतकाचं मी सांगतो." मग भूपेश आणि दामिनी चार्जर की काय घ्यायला स्टॉलांकडं गेले आणि नवराबायको एका पोह्याच्या गाडीपाशी उभे राहिले. रुख्माबाईला आता कडाडून भूक लागली होती. तर्रीचा तवंग पाहूनच तिच्या तोंडाला पाणी सुटलं.

"उपास होता ना?" बाबनराव म्हणाले.

"सुटला."

पोहे आले. वर चण्याची लालभडक तर्री. ती खाऊ लागली. बाबनराव चमचा प्लेटमध्ये फिरवत होते.

"डाग लय मोठा दिसते पडद्यावर," ते म्हणाले.

रुख्माबाईचा घास तोंडातच राहिला. गाडीवाला कांदा कापत होता, त्यानं वर पाहिलं नाही. तिनं घास गिळला.

"कधी समजलं तुमाले?"

"काय कधी? तो डाग मी केला, मले नाही समजन?" ते प्लेटीकडंच पाहत होते. "रंगाचा डाग पाहला तवाच वाटलं, याइनं आपला पाहून काढला. मंग खरा आला."

"दार लावलं होतं. तिन्ही बायाच होत्या. गरमी होती लय." एवढं ती एका दमात बोलली. दोन वर्षं सांभाळलेलं, आणि एवढंसंच निघालं.

"गरमी तर असनच. मे महिना होता."

"रागावले?"

बाबनरावांनी एक चमचा खाल्ला, तिखट लागलं, पाणी प्याले.

"मी खळ फेकली नोती," ते म्हणाले.

"मले मालूम हाय."

"फडकं ओलं होतं. तेनं सटकलं."

"अवो, मले मालूम हाय ना. मी होती तिथी."

"तिकडं परदेशात लोक काय समजत असतीन."

"त्याइले काय माहीत ते पाठ कोनाची हाय."

"ते पन हाय." त्यांनी जरा विचार केला. "तू माइकवर चांगली बोलली."

"बोलली ना?"

"हात होते ना त्याले, म्हने." ते पहिल्यांदा हसले. वरचे दोन दात गेल्यापासून ते हसताना ओठ मिटून घ्यायचे, आता विसरले. "गनपतदादा पन हसले समोर. मी पाहलं."

रुख्माबाईनं आपली प्लेट संपवली आणि त्यांच्या प्लेटीतले पोहे स्वतःच्या चमच्यानं घ्यायला सुरुवात केली. उन्हानं डोकं तापलं होतं, तिनं पदर खाली सोडून खांद्यावर टाकला. समोरून भूपेश आणि दामिनी हातात पिशव्या घेऊन येताना दिसू लागले. बाबनरावांनी घाईनं खाकरून घेतलं.

"पुढच्या रविवारी परत हाय म्हने पिच्चर," ते म्हणाले.

"मंग?"

"येऊ का आपन? दोघंच."

"त्या बकरीसाठी?"

"नाही वं. ते पाठ आली तवा डाग दिसला आन् मी खाली मान घालून बसलो. पाह्याचीच राहली."

"घ्या. येऊ मंग," रुख्माबाई म्हणाली आणि गाडीवाल्याकडं प्लेट पुढं केली, "अजून तर्री टाक गा बाबू, थोडी."